फेरतपासणी आणि वैद्याचे दप्तर

रोग हटला म्हणजे वैद्य आणि रुग्ण दोघेही सुखावतात, हे आम्ही व्यवसायाच्या पहिल्या दिवसापासून गृहीत धरून चाललो होतो. गेल्या काही वर्षांत मात्र महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील काही रुग्णांच्या बाबतीत निराळाच अनुभव येऊ लागला आहे. पक्षाघाताचा रुग्ण असतो. सहा-आठ महिन्यांच्या उपचारांनी लुळा हात खांद्यापर्यंत उचलू लागतो. आम्ही समाधानाने ती नोंद केसपेपरवर करू जातो, तोच शेजारी उभी असलेली त्याची पत्नी हळूच म्हणते, "डॉक्टर, तेवढं लिहू नका. पुढच्या साली याची परत तपासणी आहे."

हे वाक्य आम्ही थोड्याफार फरकाने इतक्यांदा ऐकले आहे की, त्याविषयी आपल्या व्यवसायबंधूंशी व औषधविक्रेत्यांशी चार शब्द बोलावेत असे वाटले. हा विषय वरवर पाहता शासनाचा आणि जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचा आहे. तेथे आयुर्वेदीय चिकित्सकाच्या सहीला अधिकार नाही. आमच्या मते तो तेवढाच आपलाही आहे.

योजनांचे तपशील ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीस तीतून दरमहा साहाय्य मिळते. ही रक्कम बरीच वर्षे ६०० रुपये होती. २०१९ मध्ये १,००० व २०२३ मध्ये १,५०० झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० करण्याचा निर्णय घेतला. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ ची. तिला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशी अट आहे व तीत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपयांचा आहे. टक्केवारी ठरवते ती शासनाने अधिसूचित केलेली वैद्यकीय यंत्रणा. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. जून २०२१ पासून प्रमाणपत्र केवळ ऑनलाइन पद्धतीनेच द्यावे असा केंद्राचा दंडक झाला आणि वैश्विक ओळखपत्राची पद्धत रूढ झाली. (आमच्या विद्यार्थिदशेत 'अपंग' हाच शब्द प्रचलित होता. शासनाने 'दिव्यांग' स्वीकारला म्हणून येथेही तोच योजला आहे. आमचे रुग्ण मात्र स्वतःला अजून अपंगच म्हणवतात.)

प्रमाणपत्रे दोन प्रकारची असतात, आणि आपल्या विषयाचा गाभा येथेच आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ज्या दिव्यांगत्वात कालांतराने फरक पडण्याचा संभव नाही त्यास कायमस्वरूपी प्रमाणपत्र द्यावयाचे, आणि ज्यात फरक पडू शकतो त्यास मुदतीचे. मुदत संपली की रुग्णाने पुन्हा मंडळासमोर उभे राहायचे, पुन्हा टक्केवारी ठरायची. आकडा चाळिसावर राहिला तर साहाय्य चालू; चाळिसाखाली गेला तर बंद. एकोणचाळीस आणि एक्केचाळीस यांच्यामध्ये जिना नाही, थेट कडा आहे.

आता आमच्या त्या रुग्णाविषयी. पोलादपूर तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातील हे गृहस्थ. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत मुंबईत एका खाणावळीत स्वयंपाकी होते. उजव्या अंगाचा पक्षाघात झाला, मुंबईच्या रुग्णालयातून प्राण वाचवून गावी आले, आणि ज्या हाताने शंभर माणसांचा भात रांधला त्या हाताने स्वतःचा घास उचलता येईना. २०१८ मध्ये त्यांना पन्नासाहून अधिक टक्क्यांचे, पाच वर्षे मुदतीचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच सुमारास ते आमच्याकडे आले. रक्तदाबाची आधुनिक औषधे एक दिवसही बंद न करता आम्ही स्नेहन, स्वेदन, मृदू विरेचन व पुढे बस्तिक्रम असे उपचार केले. घरी रोज तेल चोळणे आणि व्यायाम त्यांच्या पत्नीस शिकवला. साहाय्याच्या हजार रुपयांतून पाचशे-सहाशे तेलाला व औषधाला जात. पहिल्या वर्षी फारसे काही हाती लागले नाही. मग हळूहळू बोटे सुटू लागली. तिसऱ्या वर्षी काठी टेकत घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालू लागले. डाव्या हाताने का होईना, चूल पेटवू लागले.

२०२३ च्या फेरतपासणीत टक्केवारी चाळिसाखाली आली. मंडळाने काही चुकीचे केले असे आमचे म्हणणे नाही. समोर जो माणूस उभा होता त्याचे मोजमाप नियमाबरहुकूमच झाले. पण साहाय्य नुकतेच १,५०० रुपये झाले होते, ते थांबले. त्याबरोबर तेल थांबले. पत्नीला मजुरीचे दिवस वाढवावे लागले, म्हणून व्यायामही थांबला. पुढच्या पावसाळ्यात ओट्यावरून घसरून पडण्याचे निमित्त झाले आणि खांदा पुन्हा आखडला. वर्षाच्या आत हा गृहस्थ जवळजवळ तेथेच येऊन पोहोचला जेथून आम्ही प्रारंभ केला होता. शासनाच्या दप्तरी मात्र तो 'सुधारलेला' राहिला. आता तो चाळिसाच्या वर असेलही. पण त्यासाठी नवा अर्ज, नवी तारीख, नवी फेरी.

आमच्याकडे पक्षाघाताचे जे अन्य रुग्ण येतात त्यांना ही हकीकत ठाऊक आहे. वाडीवस्तीवर अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. त्याचा परिणाम असा की, मुदत संपायला सहा महिने राहिले की काही रुग्ण पंचकर्मास येणे बंद करतात. एकाने तर स्पष्टच सांगितले, "तपासणी होऊ दे डॉक्टर, मग परत चालू करू." यात त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटली नाही. मात्र ज्या सहा महिन्यांत उपचार चालू राहायला हवेत तेच सहा महिने वाया जातात, हे पाहताना चिकित्सक म्हणून जिवाची तगमग होते.

आपल्या शास्त्राला या प्रश्नाचे मर्म फार पूर्वी कळले होते असे आम्हांस वाटते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात व्याधींचे साध्य व असाध्य असे दोन भाग करून त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन भाग केले: सुखसाध्य व कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय. पदवीच्या पहिल्या वर्षांत आपण हे वर्गीकरण गुण मिळवण्यापुरते पाठ केले आणि विसरलो. यातील 'याप्य' ही कोटी लक्षपूर्वक पाहावी. पथ्य व औषध चालू आहे तोवर रोगी सावरलेला असतो. ते सुटले की ढासळतो. सुश्रुताचार्यांनी त्याला टेकू दिलेल्या घराची उपमा दिली आहे. आमच्या भागात दरडींनी व पुरांनी घरे खचलेली आम्ही पाहिली आहेत; टेकूवर उभे असलेले घर धडधाकट आहे असे समजून कोणी टेकू काढून नेत नाही. आधुनिक प्रमाणपत्रात 'कायम' व 'तात्पुरते' अशा दोनच पेट्या आहेत. याप्य रुग्ण कोणत्याच पेटीत नीट बसत नाही. त्याला तात्पुरत्याच्या पेटीत घालतात, आणि उपचाराने तो सावरला की टेकूसकट बरा झाला असे मोजतात.

वातव्याधिचिकित्सेतही रोग नवा असावा, उपद्रवरहित असावा आणि रोगी बलवान असावा, तरच यशाची आशा धरावी असा इशारा आहे. म्हणजे फेरतपासणी कोणाची आणि किती काळाने करावी याचा विचार रोग पाहून व्हावा, सर्वांना एकच पंचांग लावून नव्हे. बालकांच्या बौद्धिक अक्षमतेत वयाच्या ठराविक टप्प्यांवर पुन्हा तपासावे, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि ते योग्यच आहे. मूल वाढते, बदलते. अपघातानंतर सांधा आखडलेला तरुण दोन वर्षांत बराच मोकळा होऊ शकतो. त्यास पुन्हा बोलावणेही रास्त.

पण पोलिओचे काय? भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. आमच्या दोन तालुक्यांत पोलिओने पाय आक्रसलेले जे स्त्री-पुरुष आहेत ते बहुतेक आता चाळिशी-पन्नाशीचे. त्यांचा पाय वाढणार नाही हे कोणालाही डोळ्यांनी दिसते. तरी आमच्या परिचयाच्या एका भगिनीने आजवर तीनदा आपला पाय दाखवला आहे: एकदा जुन्या हस्तलिखित प्रमाणपत्रासाठी, एकदा संगणकीय प्रमाणपत्रासाठी, एकदा नव्या ओळखपत्रासाठी. जुन्या कायद्याखाली दिलेले प्रमाणपत्र त्यातील मुदतीपर्यंत ग्राह्य राहते हे २०१७ च्या नियमांतच म्हटले आहे. पण कोणी काय सांगितले आणि तिने काय ऐकले, हे आता शोधण्यात अर्थ नाही. तिने तीनदा मजुरी बुडवली एवढे खरे.

येथे अंतराचा उल्लेख अपरिहार्य आहे. आमचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. नकाशा काढून पाहिल्यास लक्षात येईल की, अलिबाग जिल्ह्याच्या वायव्य टोकाशी समुद्रकाठी आहे आणि पोलादपूर आग्नेय टोकाशी सह्याद्रीच्या पायथ्याशी. महाडहून जायचे तरी शंभरेक किलोमीटर. पोलादपूरहून आणखी अठरा-वीस. आणि पोलादपूर म्हणजे काही बाजारपेठ नव्हे. कुडपण, केवनाळे अशा गावांतून पोलादपूरला येणे हीच एक स्वतंत्र यात्रा असते. शिवथरघळीच्या बाजूच्या वाड्यांतून महाडला येणेही तसेच. चालता न येणाऱ्या माणसाला वाडीतून रस्त्यापर्यंत पाठीवर किंवा खुर्चीवर बसवून आणतात. पुढे वाहनाचे भाडे, बरोबर एक धडधाकट माणूस, त्याची बुडालेली मजुरी. दोन फेऱ्यांत दोन-तीन महिन्यांचे साहाय्य संपून जाते. ज्याला चालता येत नाही हे सिद्ध करायचे आहे त्यानेच सर्वांत लांब चालून यावे, ही रचना मुद्दाम कोणी केली नसेल. झाली आहे खरी.

तालुक्याच्या गावी शिबिर भरले म्हणजे मोठी सोय होते, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. मात्र अशी शिबिरे पावसाळ्याबाहेर भरावीत. जुलै महिना आमच्या भागात काय करू शकतो हे सांगणे न लगे. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २०२१ च्या जुलैत तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे आघात झाला आणि महाड शहर सावित्रीच्या पाण्याखाली गेले. त्या पुरात किती घरांतील प्रमाणपत्रे, डिस्चार्ज कार्डे, क्ष-किरण फिल्मा वाहून गेल्या याची गणती नाही. आमच्या चिकित्सालयातही कमरेएवढे पाणी होते. खालच्या कपाटातील केसपेपर चिखलाचा लगदा होऊन बाहेर काढले. त्यानंतर ज्या रुग्णांची फेरतपासणी आली त्यांच्यापाशी पूर्वस्थितीचा एकही पुरावा नव्हता आणि आमच्यापाशीही नव्हता. आम्हांला तेव्हा पहिल्यांदा उमगले की, आपले दप्तर हे केवळ आपल्या सोयीसाठी नसते.

आमवाताचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. आमवाताचा रुग्ण सकाळी सहाला लुगड्याचा काष्टा घालू शकत नाही आणि दुपारी बाराला मूठ वळवून दाखवतो. पावसाळी हवेत बिछान्याला खिळतो, वैशाखात घरभर हिंडतो. मंडळासमोर तो उभा राहतो तो एका दिवसाच्या एका प्रहरी. ते पाच-दहा मिनिटे त्यास पाहणार. त्यांच्यासमोर रांग असते, त्यांनाही दोष देता येत नाही. वर्षभराचे चित्र कोणापाशी असते? ज्या वैद्याकडे तो दर पंधरवड्यास येतो त्याच्यापाशी. आपल्या सहीने टक्केवारी ठरणार नाही, आणि ठरू नये असेच आमचेही मत आहे; चिकित्सक हाच परीक्षक झाला तर त्याच्यावर येणारा दबाव त्याला झेपणार नाही. परंतु आपली दिनांकवार नोंद रुग्णाच्या हातात असेल तर मंडळाला ती पाहता येते. ती नसेल तर पाहण्यासारखे काही उरतच नाही.

या ठिकाणी स्वजनांविषयी थोडे कटू बोलणे भाग आहे. फेरतपासणीच नको असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. २०२४ मध्ये पुण्यातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून जो गदारोळ उठला तो सर्वांच्या स्मरणात आहे. त्यानंतर दिव्यांग कल्याण विभागाने कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. खोटे प्रमाणपत्र दाखवून लाभ घेणाऱ्यास २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. खोटा लाभार्थी खऱ्याच्या ताटातले घेतो आणि वर खऱ्यावर संशयाची नजर आणतो, म्हणून पडताळणी हवीच. पण आपल्यापैकी काहीजण गावातील वजनदार माणसाच्या शब्दाखातर, किंवा नुसत्या दयेपोटी, 'सदर रुग्ण पूर्णतः अंथरुणास खिळून आहे' अशी चिठ्ठी लिहून देतात, हे आपण जाणतो. ती चिठ्ठी मंडळापुढे जाते, रुग्ण काठी टेकत आत येतो, आणि पुढील दहा वर्षे त्या तालुक्यातील कोणत्याही वैद्याची चिठ्ठी वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. दयेपोटी लिहिलेल्या एका ओळीने किती खऱ्या रुग्णांचे नुकसान होते याचा विचार व्हावा.

आमच्याकडूनही प्रमाद घडला आहे. लेखाच्या आरंभी ज्या भगिनीचे वाक्य दिले तिच्या विनंतीवरून आम्ही एकदा 'हात खांद्यापर्यंत उचलतो' ही नोंद केली नाही. जागा कोरी सोडली. खोटे लिहिले नाही, एवढेच समाधान. पुढे त्याच रुग्णास खांद्याच्या तक्रारीसाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवताना पूर्वी हात किती उचलत होता हे आम्हांस सांगता आले नाही. कोऱ्या जागेने त्या रुग्णाचे काही भले झाले नाही. तेव्हापासून आम्ही सुधारणा लिहितो आणि तिच्याशेजारी ती कशावर टिकून आहे तेही लिहितो: 'रोज अभ्यंग व दर चार महिन्यांनी बस्तिक्रम चालू असताना काठीच्या आधाराने शंभर पावले, मागील वर्षी उपचार दोन महिने खंडित झाल्यावर वीस पावले.' अशी नोंद पाहिली की याप्य म्हणजे काय ते, हा शब्द न उच्चारताही, कोणत्याही पॅथीच्या डॉक्टरला समजते.

नोंद कशी असावी याविषयी अधिक लिहिण्याचा मोह आवरतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच सुचवावेसे वाटते की, 'लाभ आहे', 'उपशय मिळाला', 'वातप्रकोप वाढला' या शब्दांनी आपले काम भागते, दुसऱ्याचे भागत नाही. स्नायूंचे बल शून्य ते पाच या श्रेणीत लिहावे. सांधा किती अंशांत वळतो ते मोजावे. जेवण, स्नान, शौच, कपडे यांपैकी रुग्ण स्वतः काय करतो आणि कशाला माणूस लागतो ते त्याच्या घरच्यांस विचारून लिहावे. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या व मार्च २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना एकदा नजरेखालून घातल्या तर मंडळ काय पाहते ते समजते. आणि नोंदीची एक प्रत रुग्णाला द्यावी, दुसरी वरच्या मजल्यावर ठेवावी. महाडकरांना याचे कारण सांगावयास नको.

औषधविक्रेत्या बंधूंचाही येथे संबंध आहे. कोणाचे साहाय्य थांबले हे तहसील कार्यालयाच्या खालोखाल तुम्हांस कळते. महानारायण तैलाच्या दोन बाटल्या नेणारा गिऱ्हाईक एक बाटली नेऊ लागतो, मग उधारीवर नेतो, मग यायचा थांबतो. त्याने वैद्य बदलला असे समजून आपण गप्प बसतो. तेव्हा एकदा वैद्याला फोन करून सांगावे. दुसरे असे की, दर खरेदीस रुग्णाच्या नावाचे, तारखेचे बिल द्यावे. दीर्घ उपचार अखंड चालू असल्याचा त्याहून सरळ पुरावा नाही. पण आमच्या बाजारपेठेत नेहमीच्या गिऱ्हाइकास बिल देण्याची पद्धत नाही आणि त्यास मागण्याची सवय नाही.

शासनाने काय करावे हे सांगण्याइतके आम्ही मोठे नाही, तरी एक गोष्ट संघटनेमार्फत जरूर मांडता येईल. चाळिसाच्या कड्याला पायऱ्या असाव्यात. फेरतपासणीत टक्केवारी खाली आली तर साहाय्य त्याच महिन्यात तोडू नये. वर्षभर निम्मे द्यावे, वर्षाअखेरीस पुन्हा पाहावे, आणि त्या काळात रुग्ण पुन्हा खालावला तर नव्या अर्जाविना पूर्ववत करावे. असे झाले तर रुग्णाला बरे होण्याची धास्ती वाटणार नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून आजारी व दिव्यांग लाभार्थ्यांची कार्यक्षमता वारंवार तपासण्याची पद्धत सुरू झाली व तिच्यावर तेथे पुष्कळ टीका झाली. अखेर २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केले, आणि २०१७ पासून अमलात आणले, की ज्यांचा विकार तीव्र व आजन्म टिकणारा आहे त्यांना पुनःपुन्हा बोलावू नये. आपल्याकडे कायमस्वरूपी प्रमाणपत्राची तरतूद नियमांत आधीपासूनच आहे. ती नीट वापरली गेली तर निम्मी रांग कमी होईल आणि मंडळाला उरलेल्यांकडे पाहण्यास वेळ मिळेल. शिवाय प्रमाणपत्राविषयी समाधान नसेल तर कलम ५९ अन्वये अपील करता येते. हे आमच्या त्या स्वयंपाकी रुग्णाला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही सांगितले नाही, कारण त्या वेळी आम्हांसही ठाऊक नव्हते.

ते गृहस्थ गेल्या दिवाळीनंतर पुन्हा आमच्याकडे येऊ लागले आहेत. साहाय्य २,५०० झाल्याचे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते, स्वतःपुरते काही विचारले मात्र नाही. तेलाची व्यवस्था तूर्त एका विक्रेत्या स्नेह्याने केली आहे. नवा अर्ज भरून दिला आहे व सोबत आमच्या नोंदींची तीन पाने जोडली आहेत: २०२२ ची शंभर पावले, २०२४ ची वीस आणि आजची पस्तीस. पस्तीस लिहिताना त्यांच्या पत्नीने आमच्याकडे पाहिले, पण या वेळी काही म्हटले नाही. तपासणीची तारीख अद्याप आलेली नाही.